पावागड पायी पाहावा

दिवाळी सरून हवेत गारवा आला की वडोदऱ्यातील मराठी घरांतून पावागडाचे बेत होऊ लागतात. शहरापासून पन्नासएक किलोमीटरवर, सपाट मुलखातून एकाएकी उठलेला हा सुमारे आठशे मीटर उंचीचा डोंगर. माचीपर्यंत मोटार, तेथून १९८६ पासून चालणारा उडनखटोला, कालिकामातेचे दर्शन आणि सायंकाळी घर, असा आपला परिपाठ. देवीची भेट होते. डोंगराची मात्र राहून जाते.

म्हणून यंदा मुलांसह दोन दिवसांचा पायी बेत आखावा, असे आम्ही सुचवितो. पहिला दिवस पायथ्याच्या चांपानेरास द्यावा. महमूद बेगड्याने १४८४ मध्ये गड जिंकून येथे राजधानी वसविली. २००४ पासून हा परिसर जागतिक वारसा आहे. हा मुलूख पुढे शिंद्यांकडे होता. १८६१ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. तंबू मात्र स्मारकांजवळ ठोकू नयेत. जांबुघोड्याच्या बाजूस वनखात्याची शिबिरस्थळे आहेत. तेथे आगाऊ परवानगी घेऊन मुक्काम करावा.

दुसऱ्या दिवशी पहाटेच चढावयास लागावे. खालचे काळे थर बेसाल्टचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या लाव्हारसातून सह्याद्री घडला, त्याच महापुरातले हे थर. शिखराकडे फिकट रंगाचा, कठीण रायोलाइट भेटतो. त्यात सिलिकेचे प्रमाण अधिक, म्हणून त्याचा रस दाट. गृहिणींना हे चटकन उमगेल: एकतारी पाक ताटभर पसरतो, गोळीबंद पाक जागीच थिजतो. कठीण थर कड्यांच्या रूपाने उभे राहिले, मऊ थर झिजून सपाट झाले; म्हणूनच या डोंगराला पायऱ्यापायऱ्यांचा घाट आला.

प्रत्येकाजवळ दोन लिटर पाणी, टोपी, घट्ट बूट आणि विजेरी असावी. पावसाळ्यात निसरडे कडे टाळावेत. दगड डोळ्यांनी पाहावेत, हातोडीने फोडू नयेत. नेलेला प्लास्टिकचा कचरा परत आणावा. आपल्या शहरातून वाहणारी विश्वामित्री याच डोंगरात उगम पावते. वर टाकलेली घाण अखेर आपल्याच दाराशी येते.

आपली कित्येक मुले सह्याद्रीला केवळ पाठ्यपुस्तकातून ओळखतात. त्यांना आजोळच्या मातीची ओळख करून देण्यासाठी दरवेळी सुट्टी आणि आगगाडीची तिकिटे जुळून येतातच असे नाही. त्याच काळ्या पाषाणाचा एक भाऊबंद मात्र येथे, तासाभराच्या वाटेवर उभा आहे. उडनखटोल्यातून तो काही मिनिटांत संपतो. पायी चढणाऱ्या मुलाच्या तो जन्मभर लक्षात राहील.