महाराष्ट्र आणि वाकायामा : करार, व्यापार आणि विश्वास

ऑक्टोबर २०१३ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जपानमधील वाकायामा प्रांत यांच्यात परस्पर सहकार्याचा सामंजस्य करार झाला. पर्यटन आणि अन्नप्रक्रिया हे त्यातील प्रमुख विषय होते. असे करार वर्तमानपत्रात चार ओळींत येतात आणि विसरले जातात. हा करार मात्र आम्हां वसईकर ख्रिस्ती भाविकांनी समजून घ्यावा असा आहे. जपानशी असलेले आपले नाते चारशे वर्षांहून जुने असून ते रक्ताने लिहिले गेले आहे.

प्रथम अशा कराराचे स्वरूप पाहू. भारतीय संविधानानुसार परराष्ट्र व्यवहार हा केंद्र शासनाचा विषय आहे. घटकराज्याला परदेशाशी तह करता येत नाही. परंतु शेती, पर्यटन, शिक्षण, उद्योग अशा क्षेत्रांत एखाद्या परदेशी प्रांताशी सहकार्याचा हात पुढे करता येतो. सामंजस्य करार हा तहासारखा बंधनकारक नसतो. तो केवळ दार उघडतो. त्या दारातून ये-जा करण्याचे काम शेतकरी, व्यापारी, विद्यार्थी आणि यात्रेकरू यांनाच करावे लागते.

वाकायामा हा जपानच्या ४७ प्रांतांपैकी एक असून ओसाकाच्या दक्षिणेस समुद्राला भिडलेला डोंगराळ मुलूख आहे. तेथील संत्री आणि उमे नावाचे आंबट फळ जपानभर प्रसिद्ध आहे. नागपूरची संत्री, नाशिकची द्राक्षे आणि कोकणचा हापूस पिकवणाऱ्या महाराष्ट्राला हा बागायतदार प्रांत परका वाटू नये. याच प्रांतात कोयासान हे बौद्ध धर्मक्षेत्र आहे. नवव्या शतकात भिक्षू कुकाई यांनी त्याची स्थापना केली. २००४ साली युनेस्कोने कोयासानसह त्या पर्वतराजीतील तीर्थक्षेत्रांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. इकडे अजिंठा-वेरूळच्या परिसराचे जतन आणि पर्यटन विकास यांसाठी जपानने दीर्घकाळ अर्थसाहाय्य केले आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. व्यापाराच्या जोडीने श्रद्धा आणि विचार यांचीही देवाणघेवाण होते, याचे हे उदाहरण होय.

व्यापाराचा पाया विश्वास हाच असतो. आपल्या आंब्याचेच पाहा. फळमाशीच्या भीतीने जपानने भारतीय आंब्यावर घातलेली बंदी सुमारे वीस वर्षे टिकली आणि २००६ साली उठली. कशामुळे? फळांना उष्ण बाष्पाची प्रक्रिया देऊन माशीची अंडी व अळ्या नष्ट करण्याची पद्धत मान्य झाली म्हणून. कोणताही मैत्रीचा करार या शिस्तीची जागा घेऊ शकत नाही. जो नियम पाळतो, त्याच्याच मालावर पुढच्या वर्षी विश्वास ठेवला जातो.

आता चार शतके मागे जाऊ. १५५७ च्या सुमारास वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया तरुणपणी येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी आत्मसात केली, पुढे व्यापारात यश मिळवले आणि अखेरीस सर्व सोडून मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू झाले. १५९३ साली मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने जपानचे सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यांच्याकडे धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांना दूत म्हणून पाठवले, तेव्हा दुभाषी होते आपले गोन्सालो. आजच्या भाषेत सांगायचे तर ते एका प्रादेशिक शासनाचेच शिष्टमंडळ होते.

हे सख्य टिकले नाही. १५९६ साली 'सान फेलिपे' हे मालाने भरलेले स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले आणि त्यावरील माल जप्त झाला. मिशनरी आधी येतात व त्यांच्यामागून सैन्य येते, असे जहाजावरील एकाने बढाईने सांगितल्याची कथा आहे. संशयाला निमित्त मिळाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ ख्रिस्ती जनांना क्रुसावर खिळण्यात आले. त्यांत गोन्सालोही होते. १८६२ साली परमगुरुस्वामी पायस नववे यांनी या रक्तसाक्षींना संतपद बहाल केले. तलवार, तराजू आणि क्रूस यांची सरमिसळ झाली की निष्पाप माणसे बळी जातात, हा या घटनेचा धडा आहे.

याच्या उलट एक घटना खुद्द वाकायामाच्या किनाऱ्यावर घडली. १८९० साली 'एर्तुग्रुल' हे तुर्की जहाज तेथे वादळात बुडाले. पाचशेहून अधिक माणसे दगावली. परंतु गरीब कोळी गावकऱ्यांनी ६९ जणांना वाचवले, घरात घेतले, आपल्या तोंडचा घास त्यांना दिला. तुर्कस्तान ते विसरले नाही. १९८५ साली युद्धकाळात तेहरानमध्ये अडकलेल्या दोनशेहून अधिक जपानी नागरिकांना तुर्की विमानांनी बाहेर काढले.

जहाजे दोन्ही फुटली. एका किनाऱ्यावर माल मोजला गेला, दुसऱ्या किनाऱ्यावर माणसे मोजली गेली. म्हणून अशा करारांचे मोल केवळ निर्यातीच्या आकड्यांवरून ठरवू नये, असे आम्हांस वाटते. आपल्या तरुणांनी जपानी भाषा शिकावी, तेथे नोकरी-व्यवसायासाठी अवश्य जावे. पण जाताना गोन्सालोंची आठवण ठेवावी. त्यांनी परक्यांची भाषा आधी शिकून घेतली, तेव्हाच त्यांचे बोलणे ऐकले गेले. आणि आपल्या दारी परदेशी पाहुणा आला, तर वाकायामाच्या त्या कोळ्यांची आठवण ठेवावी. परक्याला आसरा देणे म्हणजे प्रभूलाच आसरा देणे, हीच तर आपल्या श्रद्धेची शिकवण आहे.