आश्रयाचा जमाखर्च

ब्रिटनने रवांडाशी केलेल्या करारापायी सुमारे ७० कोटी पौंड खर्ची पडले आणि त्या योजनेखाली प्रत्यक्ष रवांडास पोहोचलेल्यांची संख्या भरली चार. हे चौघेही स्वखुशीने गेले होते. सक्तीने एकालाही पाठविता आले नाही. एप्रिल २०२२ मध्ये बोरिस जॉन्सन यांच्या हुजूर पक्षाच्या सरकारने हा करार केला. इंग्लिश खाडी ओलांडून होड्यांतून येणाऱ्यांना हजारो किलोमीटर दूर आफ्रिकेत पाठवावयाचे, त्यांच्या अर्जांचा निकाल तेथेच लावावयाचा आणि अर्ज मंजूर झाला तरी त्यांनी तेथेच राहावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. जून २०२२ मध्ये निघणारे पहिले विमान युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या हस्तक्षेपामुळे जागीच थांबले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ही योजना एकमताने बेकायदा ठरविली. ज्या देशातून हे लोक जीव घेऊन पळाले तेथेच त्यांची रवांडातून रवानगी होण्याचा धोका आहे, असे न्यायालयास आढळले. त्यावर पार्लमेंटने एप्रिल २०२४ मध्ये कायदा करून रवांडा हा सुरक्षित देश असल्याचे घोषित केले. जुलै महिन्यात निवडणूक झाली, मजूर पक्ष सत्तेवर आला आणि योजना गुंडाळली गेली.

परक्यांचा भार आपल्या करदात्याने का सोसावा, हा सवाल या योजनेच्या मुळाशी होता. तो गैरवाजवी नाही. परंतु ज्या योजनेने तो भार हलका व्हावयाचा तीच करदात्याच्या माथी मोठा भार ठेवून गेली, तेव्हा हिशेब एकदा नीट मांडून पाहणे अगत्याचे ठरते. तसा तो मांडला तर असे दिसते, की आश्रय देण्यास लागणाऱ्या खर्चापेक्षा आश्रय द्यावा की नाही याचा निर्णय टाळण्याचा खर्च कितीतरी अधिक आहे.

शब्दांची गल्लत

या वादात प्रारंभीच एक गल्लत होते. परदेशातून येऊन राहणारा तो स्थलांतरित; छळाच्या भयाने संरक्षण मागणारा तो आश्रयार्थी; आणि ज्याचे भय साधार असल्याचे शासनाने मान्य केले तो निर्वासित. ब्रिटनमध्ये जून २०२३ ला संपलेल्या वर्षात निव्वळ स्थलांतर नऊ लाखांच्या घरात गेले होते. त्यांतील बहुतेक लोक रीतसर व्हिसा घेऊन आले होते. त्यांत विद्यापीठांचे भरमसाट शुल्क भरणारे विद्यार्थी होते, वृद्धांच्या शुश्रूषेसाठी बोलाविलेले कामगार होते, आणि या दोहोंत भारतीयांचे प्रमाण मोठे होते. या तुलनेत होड्यांतून येणाऱ्यांची वार्षिक संख्या सर्वाधिक झाली ती २०२२ मध्ये, आणि ती पंचेचाळीस हजारांच्या थोडी वर होती. तथापि व्हिसा घेऊन विमानतळावर उतरलेल्या माणसाचे छायाचित्र कोणी छापत नाही. रबरी होडीचे छापतात. परिणामी एकूण स्थलांतराविषयीचा सारा असंतोष त्या होडीवर केंद्रित झाला.

ही माणसे होडीनेच का येतात, याचे उत्तर कायद्यातच आहे. २८ जुलै १९५१ रोजी जिनिव्हा येथे निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. निर्वासिताला त्याच्या छळकर्त्याकडे परत धाडू नये, हे त्याचे मुख्य सूत्र. ब्रिटन या कराराने बांधलेला आहे. परंतु ब्रिटनमध्ये आश्रय मागावयाचा तर ब्रिटनच्या भूमीवर पाऊल ठेवावे लागते, आणि आश्रय मागण्यासाठी म्हणून व्हिसा दिला जात नाही. युक्रेन, हाँगकाँग अशा काही ठिकाणच्या लोकांसाठी खास योजना निघाल्या. इतरांना रीतसर मार्ग जवळजवळ उरलाच नाही. त्यात युरोपीय समुदायातून बाहेर पडल्यावर, आश्रयार्थीला तो प्रथम ज्या युरोपीय देशात आला तेथे परत पाठविण्याची जुनी व्यवस्थाही ब्रिटनने २०२१ पासून गमावली. दारास कुलूप आणि परत पाठविण्याची वाट बंद, अशा स्थितीत मधल्या दलालाचा धंदा तेजीत आला तर त्यात नवल नव्हते.

पैसा गेला कोठे?

राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालानुसार २०२३-२४ या वर्षात आश्रयार्थींच्या निर्वाहावर सुमारे ४७० कोटी पौंड खर्च झाले आणि त्यांतील तीनशे कोटींहून अधिक एकट्या हॉटेलांवर गेले. हा आकडा कोणाही करदात्यास अस्वस्थ करील. तथापि तो पैसा आश्रयार्थीच्या हाती पडला, असे समजणे चुकीचे होईल. हॉटेलात भोजनासह राहणाऱ्यास २०२५ मध्ये आठवड्याला दहा पौंडांहूनही कमी रोख भत्ता मिळत होता. खरा पैसा गेला तो हॉटेलमालकांकडे आणि निवासाची कंत्राटे घेणाऱ्या कंपन्यांकडे.

हॉटेले तरी का लागली? कारण अर्जांचा निकाल लागत नव्हता. जून २०२३ मध्ये पहिल्या निर्णयाची वाट पाहणाऱ्यांची संख्या पावणेदोन लाखांवर पोहोचली होती. त्यानंतर जुलै महिन्यात असा कायदा झाला, की होडीने आलेल्यांचे अर्ज विचारातच घेऊ नयेत. म्हणजे या माणसांना आश्रयही द्यावयाचा नाही, परत पाठविणेही शक्य नाही, मग ठेवावयाचे कोठे? तर हॉटेलात. शिवाय अर्ज प्रलंबित असता त्यांना सामान्यतः काम करण्यास परवानगी नाही. वर्षभर निकाल न लागला तर ती मागता येते, आणि तीही ठरावीक कामांपुरतीच. धडधाकट माणसाला प्रथम कायद्याने रिकामा बसवावयाचा आणि मग तो आयते खातो म्हणून त्यास दूषण द्यावयाचे, असा हा न्याय आहे. २०२२ मध्ये ज्यांच्या अर्जांचा प्रथम निकाल लागला त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोक संरक्षणास पात्र ठरले. २०२४ पर्यंत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आले. दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगतात. खऱ्या-खोट्याची निवड करणे आवश्यक आहे. ती जितकी लांबते तितका खर्च वाढतो.

विरोधकांचे म्हणणे

निर्बंधाचा आग्रह धरणाऱ्यांना सरसकट वंशद्वेष्टे ठरविणे हेही सत्यास धरून होणार नाही. ज्या गावात घरांची टंचाई आहे, दवाखान्यात रांगा आहेत, तेथील एकमेव मोठे हॉटेल कोणास न विचारता आश्रयार्थींना दिले गेले की माणसे चिडतात. शिवाय दलालांच्या होड्या बुडतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये एकाच रात्री किमान सत्तावीस जण इंग्लिश खाडीत बुडाले. होड्या थांबविणे हीच भूतदया, या युक्तिवादात तथ्य आहे.

या पक्षाचा आदर्श ऑस्ट्रेलिया. जुलै २०१३ मध्ये त्या देशाने जाहीर केले, की बोटीने येणाऱ्यास ऑस्ट्रेलियात कधीही वसू दिले जाणार नाही. त्याची रवानगी नाउरू अथवा पापुआ न्यू गिनीतील मानुस बेटावर होईल. बोटी समुद्रातूनच परतविल्या जाऊ लागल्या आणि त्यांचे येणे जवळजवळ थांबले, हे मान्य केलेच पाहिजे. पण पुढे काय झाले? एप्रिल २०१६ मध्ये पापुआ न्यू गिनीच्या सर्वोच्च न्यायालयाने मानुसवरील स्थानबद्धता घटनाबाह्य ठरविली. २०१७ मध्ये तेथे डांबलेल्यांना ७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांची भरपाई देण्याची तडजोड सरकारने केली. बेटांवरील बहुसंख्य लोक अखेर निर्वासित म्हणूनच मान्य झाले, आणि त्यांतील हजारांहून अधिक अमेरिकेत वसले. वर्षानुवर्षे खर्च आणि यातना सोसूनही अखेर आश्रय द्यावाच लागला. फक्त तो दुसऱ्याने दिला. ब्रिटनला तर तेवढीही सोय नाही. इंग्लिश खाडी अरुंद ठिकाणी तेहतीस किलोमीटर आहे, आणि पलीकडे फ्रान्स आहे.

लेस्टरचा दाखला

ब्रिटनला आठवावयाचाच असेल तर त्याच्या स्वतःच्या इतिहासात एक दाखला आहे. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्यास फर्मावले. त्यांतील अनेकांकडे ब्रिटिश पासपोर्ट होते. विरोध प्रखर होता. लेस्टरच्या नगरपालिकेने तर युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात देऊन, आमच्या शहरात येऊ नका, असे बजावले. पंतप्रधान एडवर्ड हीथ हेही हुजूर पक्षाचेच होते. परंतु त्यांनी कायदेशीर जबाबदारी मान्य केली आणि सुमारे अठ्ठावीस हजार लोकांना प्रवेश दिला. रिकाम्या लष्करी छावण्यांत त्यांची तात्पुरती सोय झाली आणि तेथून ही माणसे लवकरच कामधंद्यास लागली. त्यांना इंग्रजी येत होते, व्यापाराचा अनुभव होता, हे खरेच. पण काम करण्याची मुभा पहिल्या दिवसापासून होती, हेही तितकेच खरे. ज्या लेस्टरने त्यांना येऊ नका म्हटले, ते शहर आज आपल्या दिवाळीच्या रोषणाईची प्रौढी मिरविते.

श्रीमंत राष्ट्रांनी आणखीही एक ध्यानात घ्यावयास हवे. जगातील सात-दशमांशाहून अधिक निर्वासित अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतच राहतात. बहुतेकांची धाव शेजारच्या देशापलीकडे जात नाही. भारताने १९५१ च्या करारावर स्वाक्षरी केलेली नाही आणि येथे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तरीही १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून पत्रावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. त्या वेळच्या कारकुनाने आणि शिक्षकानेही तो कर भरला आहे. युद्ध संपताच त्यांतील बहुतेक लोक परत गेले. पंचेचाळीस हजारांनी हादरलेल्या ब्रिटनने हा आकडा शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मजूर पक्षाच्या गृहमंत्री शबाना महमूद यांनी नवे धोरण मांडले. त्यानुसार निर्वासिताचा दर्जा तात्पुरता राहील, दर अडीच वर्षांनी त्याची फेरतपासणी होईल आणि कायम वास्तव्यासाठी पाचऐवजी वीस वर्षे थांबावे लागेल. म्हणजे जो निर्णय एकदाच घेणे जमत नव्हते, तो त्याच माणसाविषयी वारंवार घ्यावयाचा! याने येणाऱ्यांची संख्या घटेल की नाही हे पुढे दिसेल. कचेऱ्यांतील कागद मात्र निश्चित वाढतील.

यावरचा उपाय नवा नाही. अर्जाचा निकाल काही महिन्यांत लागावा. पात्र ठरेल त्यास काम करू द्यावे. अपात्र ठरेल त्यास, अपिलाची संधी दिल्यावर, खरोखर परत पाठवावे. आणि अर्ज करण्यासाठी समुद्रात जीव टाकावा लागणार नाही असा एखादा रीतसर मार्ग खुला ठेवावा. यासाठी अधिकारी लागतील, दुभाषे लागतील, न्यायाधीश लागतील, आणि त्यांचे पगारही द्यावे लागतील. पण तो खर्च हॉटेलांच्या बिलांपेक्षा आणि न उडालेल्या विमानांच्या भाड्यापेक्षा पुष्कळच कमी आहे. दारावर आलेल्या माणसाला ‘ये’ म्हणण्याचा अधिकार राष्ट्राला आहे, ‘जा’ म्हणण्याचाही आहे. वर्षानुवर्षे त्यास उंबरठ्यावर बसवून ठेवावयाचे आणि त्याच्या बसण्याचा खर्च त्याच्याच नावे टाकावयाचा, हे मात्र राजनीतीत बसत नाही आणि अर्थशास्त्रातही नाही.