झोंबले म्हणजे औषध लागू पडले?

पोराचा गुडघा सोलवटला, कामावर पत्र्याने बोट कापले, की आपल्या घरांत आधी स्पिरिटची बाटली शोधतात. कापूस टेकताच जीव कळवळतो, आणि मोठी माणसे म्हणतात, "झोंबतंय म्हणजे जंतू मरतायत." ही समजूत आपण सोडली पाहिजे, असे आम्हास वाटते.

स्पिरिटने जंतू मरतात, हे खरे. म्हणून तर सुई टोचण्याआधी नर्सबाई त्याने दंड पुसतात. पण ती कातडी अखंड असते. उघड्या जखमेत स्पिरिट जंतूंबरोबर आपल्या जिवंत पेशीही मारते. जखम भरून काढणाऱ्या पेशीच मेल्या, तर ती भरायला उशीर लागतो. शिवाय झोंबण्याच्या धास्तीने मुले जखम लपवतात आणि ती चिघळते.

मग करावे काय? प्रथम आपले हात धुवावेत. स्वच्छ कापड दाबून रक्त थांबवावे. जखम स्वच्छ वाहत्या पाण्याखाली ५ मिनिटे धरावी. माती, खडे निघून जाऊ द्यावेत. भोवतीची कातडी साबणाने धुवावी. मग स्वच्छ पट्टी बांधावी. ती रोज, आणि भिजली की लगेच बदलावी. राख, चुना लावू नये.

जखम खोल किंवा मातीने मळलेली असेल, तर दवाखान्यात धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारावे. कुत्रा चावल्यास साबण-पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सूज, पू किंवा ताप आल्यास घरी थांबू नये.

स्पिरिट पटकन पेटते, पोटात गेले तर विष ठरते. बाटली चुलीपासून आणि मुलांपासून दूरच ठेवावी.