चिमूटभर मिठाची गोष्ट

छावणीतल्या आमच्या घरी मातोश्री अजूनही बरणीत सुटे, जाडे मीठ भरतात. “समुद्राचेच ना? मग त्यात तुमचे आयोडीन असणारच!” हा त्यांचा बिनतोड सवाल. परवा गर्भार धाकटी बहीण माहेरपणाला आली, तिच्या पानात ते वाढले गेले, तेव्हा मात्र मला बोलावेच लागले.

समुद्राच्या मिठात आयोडीन जवळजवळ नसतेच; ते मुद्दाम मिसळावे लागते. हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात गलगंड फार. तिथे डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून असे मीठ पुरवून पाहिले, गलगंड ओसरले. १९६२ मध्ये राष्ट्रीय योजना आली. पण गळ्याची गाठ निदान दिसते तरी. गर्भातल्या बाळाच्या मेंदूची हानी दिसत नाही आणि मागाहून भरूनही येत नाही. गर्भवतीला हवे अवघे २५० मायक्रोग्रॅम, पण रोज! म्हणूनच ते रोजच्या मिठातून देतात आणि २००६ पासून साधे मीठ खाण्यासाठी विकण्यास देशभर बंदी आहे.

मातोश्री गप्प राहिल्या. संध्याकाळी पाहतो, तो ओट्यावर पुडीतले मीठ! बरणी वरच्या फळीवर गेली होती.

“राहू दे. लेकीची दृष्ट काढायला लागेल की ते!”