नवार काठावर तुटते

पहाटे ५.३०
आषाढातला पाऊस देवळाली कॅम्पात रात्रभर भुरभुरत असतो. मी उठते ती थेट मागच्या पडवीत जाते. तिथे चार टबांत स्कूबा डायव्हिंगचे हार्नेस भिजत असतात. ऑक्टोबर ते मे मी तारकर्ली-मालवणच्या किनाऱ्यावर डायव्हिंगच्या साहित्याची देखभाल करते. पावसाळ्यात समुद्र बंद होतो आणि पट्टे, प्लेटा, बकला माझ्याबरोबर घरी येतात.

एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. पट्टा वाळला की पाणी उडून जाते, मीठ मात्र विणीच्या आत खडे धरून बसते. मग पट्टा वाकला की ते खडे आतल्या धाग्यांवर घासतात. किनाऱ्यावर नुसते पाणी मारून हे मीठ निघत नाही. मी पट्टे कोमट गोड्या पाण्यात रात्रभर ठेवते, पाणी तीनदा बदलते आणि पाण्यातच पट्टा उलटसुलट वाकवते. वीण उघडली की तळाशी बारीक वाळू उतरते. ती वाळू दिसेपर्यंत पट्टा धुतला असे मी म्हणत नाही.

सकाळी ७.००
पट्टे पडवीतल्या दोरीवर टाकते, सावलीत आणि वाऱ्यावर. आपले बहुतेक हार्नेस नायलॉनच्या, पन्नास मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्याचे असतात. नायलॉन सुती नवारीसारखे कुजत नाही, म्हणून लोक त्याच्याबद्दल निर्धास्त राहतात. पण ऊन त्याला ठिसूळ करते. रंग विटला, पट्टा कोरडा आणि कडक लागू लागला की ताकद गेलीच समजायचे. ब्लीच आणि बॅटरीतले ॲसिडही त्याला चालत नाही. गाडीच्या डिकीत जुन्या बॅटरीशेजारी हार्नेस टाकणाऱ्यांना मी दरवर्षी हेच सांगते.

सकाळी ९.००
पोहे खाऊन तपासणीला बसते. दूर रेंजवर तोफेचा आवाज झाला की खिडकीची काच थरथरते. तोफखान्याच्या गावात वाढलेल्यांचे त्याने लक्ष विचलित होत नाही.

पट्टा डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त तपासायचा असतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून टोकापासून टोकापर्यंत सरकवायचा. पृष्ठभागावर आलेली लव फारशी धोक्याची नसते, वापरलेल्या पट्ट्यावर ती येतेच. एखादी जागा गुळगुळीत, चकचकीत आणि कडक लागली, तर तिथे घर्षणाने नायलॉन तापून वितळले आहे. सगळ्यात वाईट म्हणजे कडेचा धागा कापलेला असणे. पट्ट्याची कड एकदा कातरली गेली की ताण पडताच चीर आत धावते. असा पट्टा मी शिवत नाही, बाजूला काढते आणि त्याचे तुकडे करते, म्हणजे दुसरे कोणी तो वापरणार नाही.

आज बारापैकी तीन पट्टे बाद झाले. तिन्ही एकाच ठिकाणी झिजले होते, खांद्याचा पट्टा पाठीच्या प्लेटच्या खाचेतून बाहेर येतो तिथे.

सकाळी ११.००
हौसन रोडच्या बाजारात एक काका जाड कापडाचे शिवणकाम करतात. पिशव्या, ताडपत्र्या, जवानांच्या पाठपिशव्यांचे पट्टे, सगळे त्यांच्या हाताखालून गेले आहे. दोन्ही पायांमधून पुढे येणाऱ्या पट्ट्याच्या टोकाला फास शिवलेला असतो. त्यातले दोन फास उसवलेत, ते मी त्यांच्याकडे नेले.

पहिल्या वर्षी मी त्यांच्याकडे झिजलेला खांद्याचा पट्टा घेऊन गेले होते. "काका, यावर दुसरा पट्टा शिवून द्या," म्हटले. त्यांनी पट्टा हातात घेतला, झिजलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि विचारले, "पोरी, हा ज्याच्यावर घासतो ते आणलंस का?" मी प्लेट आणली नव्हती. "मग नवा शिवून काय उपयोग? तोही तिथंच जाईल."

तेव्हा मला आमच्या घरची बाज आठवली. आजी दर दिवाळीला तिची नवार ओढून घट्ट करायची. नवार मधे कधीच तुटली नाही, जिथे ती लाकडी काठावरून वळायची तिथेच विरायची. आजी नवार बदलण्याआधी तो काठ घासून गोल करून घ्यायची. मी ते लहानपणी पाहिले होते, पण त्याचा अर्थ त्या दुकानात कळला.

काका नायलॉनचाच दोरा घालतात. सुती दोरा सतत ओला राहिला की कुजतो आणि पट्टा शाबूत असताना शिवण सुटते. शिवण चौकोनात फुलीची, टोकाला टाके उलट फिरवून घट्ट केलेले.

दुपारी १.००
जेवण. पाऊस थांबलाय, पट्टे निथळलेत.

दुपारी २.००
दिवसातले मुख्य काम आता. बाद झालेल्या पट्ट्यांच्या तिन्ही प्लेटा मांडीवर घेते. स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यात खाच पाडली की तिच्या काठावर धातूची बारीक धार राहते. डोळ्यांना ती दिसत नाही. कापसाचा बोळा खाचेच्या काठावरून फिरवला की जिथे धार आहे तिथे कापसाचे तंतू अडकून राहतात. आज तिन्ही प्लेटांच्या वरच्या खाचांवर कापूस चिकटला.

बारीक कानस घेऊन काठ दोन्ही बाजूंनी गोल करायचा. एक बाजू गोल केली आणि दुसरी तशीच ठेवली तर डायव्हर वाकताच पट्टा त्या धारेवर जातो. कानशीनंतर चारशे नंबरचा पॉलिश पेपर, मग आठशेचा. पुन्हा कापूस. तंतू अडकला तर पुन्हा कानस. शेवटी प्लेट धुवायची, कारण धातूचा कीस पट्ट्यात गेला तर सगळी मेहनत वाया.

हे काम कंटाळवाणे आहे. पण एका हंगामात बोटीवर, पाण्यात उतरायच्या पाच मिनिटे आधी, एका डायव्हरचा खांद्याचा पट्टा अर्ध्याहून अधिक कापलेला मला सापडला. त्याच्या पाठीवर वीस किलोंहून अधिक वजन होते. तो पट्टा नवा होता, एका महिन्यापूर्वीच बदललेला. प्लेट मात्र कोणी पाहिली नव्हती. त्या कोणात मीही होते.

दुपारी ४.००
ओवणी. या हार्नेसमध्ये खांदे आणि कंबर मिळून एकच अखंड पट्टा असतो. फ्लोरिडातल्या पाण्याखालच्या गुहांमध्ये उतरणाऱ्या विल्यम हॉगार्थ मेन यांच्या नावावरून ही पद्धत ओळखली जाते. शिवण आणि जोड कमी, म्हणजे तुटण्याच्या जागा कमी.

सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार बोटांचे तुकडे पट्ट्यावर चढवते आणि खाचेत बसतील असे सरकवते. पट्टा कापताना एक वीत जास्त ठेवते, म्हणजे पुढच्या हंगामात तो दोन बोटे सरकवता येतो आणि तोच भाग पुन्हा खाचेत वाकत नाही. पट्ट्यावर ओवलेल्या कड्याही थोड्या हलवते. टोके तापवलेल्या सुरीने कापते आणि वितळलेली कडा गार होण्याआधी ओल्या फडक्याने दाबून सपाट करते. खिडकी उघडी ठेवायची, धूर वाईट असतो. मापे मात्र पट्टा पुन्हा ओला करून घ्यायची, कारण नायलॉन पाणी पिते आणि ताणले जाते.

संध्याकाळी ६.३०
वहीत प्रत्येक प्लेटचा क्रमांक, पट्टा बसवल्याची तारीख आणि काठ घासल्याची तारीख लिहिते. यंदा या दोन तारखांचे रकाने मी शेजारी-शेजारी आखलेत. दुसरा रकाना रिकामा असेल तर पहिला भरायचा नाही.

रात्री ९.००
उद्याचे चार हार्नेस टबात टाकले. डायव्हिंग करणाऱ्यांनो, पुढच्या हंगामात नवा पट्टा विकत घेण्याआधी तुमच्या प्लेटच्या खाचेवरून कापसाचा बोळा फिरवून पाहा. एकही तंतू अडकला, तर आधी कानस हातात घ्या.