साडेतेहतीस सेंटिमीटरची किंमत

टाटा नेक्सॉनची लांबी ३,९९५ मिलिमीटर आणि ह्युंदाई क्रेटाची ४,३३०. फरक साडेतेहतीस सेंटिमीटरचा, पण करासाठीची चार मीटरची मर्यादा नेमकी या दोघींच्या मधे येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, तर त्याहून मोठ्या गाडीवर ४० टक्के. त्याआधी उपकर धरून हे आकडे २९ आणि ४५ होते. गाड्या दोन्ही स्वस्त झाल्या, पण त्यांच्यातलं कराचं अंतर मात्र वाढलं. त्यामुळे नागपुरात दसरा-दिवाळीच्या मुहूर्तावर मध्यम एसयूव्ही बुक करणाऱ्या कुटुंबाने आधी पाहायला हवं, की या जादा पैशात पदरात काय पडतं.

आसनं वाढत नाहीत. क्रेटा, ग्रँड विटारा, एलिव्हेट, सगळ्या पाच जणांच्याच. आजी-आजोबा, आई-बाबा आणि दोन मुलं अशा सहा जणांच्या घराने एर्टिगा किंवा कॅरेन्ससारखी तीन रांगांची गाडी आधी बघावी. डिकीतही फार मोठी उडी नाही: नेक्सॉनची ३८२ लिटर, क्रेटाची ४३३.

मग मोठी गाडी कामाची कुणाला? वर्षातून अनेकदा लांब पल्ल्याला जाणाऱ्यांना. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता मुंबईच्या वेशीपर्यंत पोचला. सपाट भागात कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. अशा वेगात लांब, रुंद गाडी स्थिर वाटते, मागे बसलेल्या तिघांना पाय मोकळे ठेवता येतात आणि १.५ लिटरचं इंजिन भरलेल्या गाडीला धाप न लागता ओढतं. वैदर्भीय उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा मागच्या सीटसाठीचे एसी व्हेंट सनरूफपेक्षा कितीतरी मोलाचे ठरतात.

नागपूर शहरातल्या सीताबर्डी, इतवारी, महाल एवढीच रोजची धाव असेल, तर हीच लांबी पार्किंगमध्ये अडचण होते.

उंच गाडी पाण्यातून निघते, हा भरवसाही तपासून घ्यावा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं आणि कितीतरी गाड्या बुडाल्या. पाणी इंजिनात गेल्यावर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारला तर इंजिन निकामी होऊ शकतं, आणि साध्या विम्यात हा खर्च बहुधा बसत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्यावं लागतं.

आता खरा हिशेब. पंधरा लाख एक्स-शोरूम किमतीच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात १२ टक्के रोड टॅक्स, म्हणजे १ लाख ८० हजार. डिझेलला १४ टक्के. बारा लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता सुमारे २४,९०० रुपये आणि व्याज २ लाख ९५ हजार. सात वर्षांसाठी हप्ता १९,३०० वर येतो, पण व्याज सव्वाचार लाखांकडे जातं. हप्ता हलका दिसतो म्हणून वरचं व्हेरिअंट उचलणं इथे महागात पडतं.

हायब्रिड गाडीचाही हिशेब असाच मांडून पाहावा. महिन्याला ८०० किलोमीटर धावणारी गाडी लिटरला १३ ऐवजी २० किलोमीटर देऊ लागली, तर साधारण साडेएकवीस लिटर पेट्रोल वाचतं. १०५ रुपये दराने वर्षाचे सुमारे २७ हजार होतात. हायब्रिडला तीन लाख जास्त मोजले असतील, तर ते वसूल व्हायला अकरा वर्षं लागतील.

सुरक्षेत काटकसर नको. ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूरचेच खासदार नितीन गडकरी यांनी भारत एनकॅप ही क्रॅश चाचणीची योजना जाहीर केली. तिचे तारे आकारावर अवलंबून नाहीत. चार मीटरच्या आतल्या नेक्सॉननेही पाच तारे मिळवले आहेत.

तेव्हा चार-पाच माणसं आणि सामान घेऊन महिन्यातून निदान एकदा हायवेला लागणाऱ्या घराने मध्यम एसयूव्ही जरूर घ्यावी. ज्यांची गाडी बहुतेक शहरातच फिरते, त्यांनी चार मीटरच्या आतली, पण सुरक्षिततेत अव्वल गाडी निवडावी. टेस्ट ड्राइव्हला मात्र एकट्याने जाऊ नये. घरातली सगळी माणसं बसवावीत, आजीला चढता-उतरता येतं का ते पाहावं, आणि मगच बुकिंगचा चेक फाडावा.