पॉज कुणाच्या हातात?

व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांची गाऱ्हाणी ऐकत बसलं, की एक गोष्ट लवकर ध्यानात येते. राक्षस फार बलाढ्य निघाला म्हणून कुणी रडत नाही. त्याच्याशी झुंजायलाच तर पैसे मोजलेले असतात. रड असते ती भलत्याच गोष्टींची. लाइट गेली, नेट गंडलं, अपडेट आलं, ऐन वेळी आत्याचा फोन आला. खेळ कधी सुरू व्हायचा, कधी थांबायचा आणि कुणाच्या मर्जीनं, हे खरं भांडण. त्यात खेळणारा दर पिढीत थोडा थोडा मागेच सरकत आलाय, असं माझं मत आहे.

खेळ मध्येच थांबवायची सोय घरगुती यंत्रात आली १९७६ साली, अमेरिकेतल्या फेअरचाइल्ड कंपनीच्या ‘चॅनेल एफ’वर. त्या बटणाचं नाव होतं ‘होल्ड’. आपल्याकडे हे सुख पोचलं ते बहुतांशी नव्वदच्या दशकात, निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल केलेल्या स्वस्त डब्यांतून. त्याला आपण ‘टीव्ही गेम’ म्हणायचो आणि कार्ट्रिजला कॅसेट. कॅसेटवर ‘९९९९९९ इन वन’ छापलेलं असायचं आणि आत तेच चार-सहा गेम फिरून फिरून यायचे. १९८५च्या मारिओत आठ दुनिया, प्रत्येकीत चार लेव्हल, आणि सेव्ह करायची सोय नाही. सातव्या दुनियेत पोचलेला मुलगा स्टार्टचं बटण दाबून जेवायला उठायचा. आजोबांनी मधल्या वेळात चॅनेल बदलून बातम्या लावल्या तरी बिघडत नसे. डबा तेवढा चालू राहायला हवा. अॅडॉप्टर मात्र इस्त्रीसारखा तापलेला असायचा. शेवटी भारनियमन यायचं आणि सगळं पुन्हा पहिल्या लेव्हलपासून.

कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची, हा त्या काळचा सार्वत्रिक विधी. पुण्यातला मुलगा ते करत होता आणि शिकागोतलाही. खरं तर कॅसेट काढून पुन्हा बसवली की संपर्क नीट जुळायचा, एवढंच. फुंकरीतल्या ओलाव्यानं उलट धातू गंजतो, म्हणून खुद्द निन्टेंडोनं फुंकू नका असं सांगितलं होतं. ऐकतंय कोण! ‘कॉन्ट्रा’ या गेमचा ३० लाइफचा कोड मात्र थोतांड नव्हता. वर-वर, खाली-खाली, डावी-उजवी दोनदा, मग बी आणि ए. कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी हा क्रम १९८६ मध्ये ‘ग्रॅडियस’साठी बनवला, कारण तपासणीपुरताही तो गेम त्यांना झेपेना. बनवणाऱ्याचीच ही गत, हे तेव्हा कळलं असतं तर बऱ्याच मुलांचा जीव भांड्यात पडला असता.

नंतर सायबर कॅफे आले आणि वेळेला मीटर लागलं. ‘काउंटर-स्ट्राइक १.६’मध्ये राउंडच्या सुरुवातीलाच गोळी लागली, की राउंड संपेपर्यंत इतरांचा खेळ बघत बसायचं. मेलेल्या माणसाचेही तासाचे पैसे चालूच. तेवढ्यात काउंटरवरून हाक यायची, ‘चार नंबर, टाइम झाला!’

पुढे कॉम्प्युटर घरात आला, मीटर गेलं, तर लोडिंग वाढलं. याचा कळस म्हणजे ‘जीटीए ऑनलाइन’. २०१३ साली आलेला हा गेम अनेकांच्या कॉम्प्युटरवर उघडायला पाच-सहा मिनिटं घ्यायचा. कुणी प्रोसेसरला दोष दिला, कुणी नेटला, कुणी नवी रॅम टाकली. २०२१मध्ये एका प्रोग्रामरनं घरबसल्या आत डोकावून पाहिलं. गेममधल्या दुकानाची मालयादी, साधारण १० एमबीची, सुमारे ६३ हजार वस्तूंची. तिच्यातली एकेक नोंद वाचताना प्रोग्राम दर वेळी उरलेल्या अख्ख्या मजकुराची लांबी नव्यानं मोजत होता. शिवाय प्रत्येक वस्तू आधी येऊन गेली का, हे मागच्या सगळ्या यादीशी ताडून बघत होता. त्या गृहस्थानं दुरुस्ती केल्यावर लोडिंगचा वेळ सुमारे ७० टक्क्यांनी घटला. कंपनीनं ते मान्य करून त्याला १० हजार डॉलर दिले आणि मार्चमध्ये सुधारणा सगळ्यांना मिळाली. म्हणजे इतकी वर्षं जगभरचे लोक दुकानाची मोजदाद संपायची वाट बघत होते, आणि मोजला जाणारा माल त्यांनाच विकायचा होता.

खेळणाऱ्याच्या खोडीही काही कमी नाहीत. बंदुकीत ३० पैकी २७ गोळ्या शिल्लक असताना रीलोड. रस्ता डावीकडे आहे हे स्पष्ट दिसत असताना आधी उजवीकडे जाऊन प्रत्येक मडकं फोडणं. गाडी वळताना सोफ्यावर स्वतः वाकणं. औषधाच्या बाटल्या ‘पुढे लागतील’ म्हणून शेवटच्या लढाईपर्यंत राखणं आणि तिथेही न वापरणं. हा संस्कार मात्र अस्सल मध्यमवर्गीय. सेलमध्ये स्वस्त मिळतात म्हणून घेतलेल्या आणि कधीच न उघडलेल्या गेमबद्दल घरच्यांशी न बोललेलं बरं.

मोबाइलनं पॉज काढूनच घेतला. ‘बीजीएमआय’ या लढाईच्या गेमच्या एका सामन्यात शंभर जण उतरतात, आई हाक मारतेय म्हणून उरलेले नव्व्याण्णव थांबत नाहीत. ‘पॉज होत नाही गं!’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं आणि ते बहाणा वाटतं, पण ते खरं आहे. घामानं अंगठे चिकटतात म्हणून मुलं टाल्कम पावडर लावतात, बोटांना पातळ कापडी टोपणं चढवतात, फोन तापून खेळ अडखळायला लागला की कूलरसमोर जाऊन बसतात. हरल्यावर खापर पिंगवर, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन यायला लागणाऱ्या वेळावर. ते कधी खरंही असतं. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई-सिंगापूर अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे सर्व्हर तिकडे असेल तर जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद निव्वळ भूगोलाचे. बाकीचा उशीर आपल्या राउटरपासून पुढे वाटेत कुठेही.

बऱ्याच मुली माइक बंद ठेवून किंवा मुलाचं नाव घेऊन खेळतात. आवाज ऐकला की शिव्या सुरू होतात, नाहीतर चिकटपणा. या त्रासापुढे पिंगची रड मला फार किरकोळ वाटते, आणि आपल्याकडच्या गेमिंगच्या गप्पांत तिच्यावरच जास्त वेळ जातो.

मर्जी कुणाची, हे शेवटी बंदीनं दाखवलं. २ सप्टेंबर २०२० रोजी ‘पबजी मोबाइल’वर सरकारनं बंदी घातली. जुलै २०२१मध्ये तोच खेळ ‘बीजीएमआय’ नावानं परतला, जुलै २०२२मध्ये अॅपच्या ऑनलाइन दुकानांतून पुन्हा गायब झाला, मे २०२३मध्ये परत आला. सरकारनंच बंद करायला हवं असंही नाही. युबिसॉफ्टनं ‘द क्रू’ या २०१४च्या गाड्यांच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ला बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला गेम एकट्यानं खेळण्यापुरताही उरला नाही. त्यातून युरोपात मागणी उभी राहिली, की विकलेला गेम बंद करताना तो निदान घरच्या घरी चालेल एवढी सोय ठेवा. २०२५च्या जुलैत या मागणीच्या अर्जावरच्या सह्या १० लाखांच्या पुढे गेल्या. सही करणाऱ्यांतले बरेच जण ‘द क्रू’ कधी खेळलेही नसतील. पण सेलमध्ये घेऊन ठेवलेले गेम त्यांच्याकडेही असणार, आणि ते उघडायला फुरसत मिळेपर्यंत तरी सर्व्हर चालू राहायला हवेत ना!